पायाला शिवलेलं कव्हर

आमच्या घरात वस्तू उघडी ठेवायची पद्धत नव्हती. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, फ्रिजच्या मुठीलासुद्धा टॉवेलच्या कापडाची गवसणी. गॅस सिलिंडरला सासूबाईंनी फुलाफुलांचा फ्रॉक शिवला होता आणि सिलिंडर बदलायला येणारा माणूस दर वेळी तो उतरवून, घडी घालून ओट्यावर ठेवायचा. त्यामुळे माझ्या डाव्या पायाभोवती स्टीलच्या रिंगा बसल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं की यालाही कधीतरी कव्हर शिवलं जाणार.

राज्य नवं होतं. रायपूर राजधानी झालं आणि सगळं शहर एकदम खणायला निघालं. सकाळी जो रस्ता असायचा तो संध्याकाळी नसायचा. मंत्रालय भरायचं जुन्या दवाखान्याच्या इमारतीत, आणि मी तिथेच एका विभागात नोकरीला होते. जिथे पूर्वी खाटा होत्या तिथे आता फायलींची कपाटं होती. एका संध्याकाळी तिथून चौबे कॉलनीकडे परतताना खणलेल्या चरात माझी स्कूटी गेली. आधी मी पडले, मग स्कूटी माझ्यावर पडली. गुडघ्याखालचं हाड मोडून कातडीबाहेर आलं. जखमेत माती, गिट्टी, सगळं गेलं.

पहिल्या दवाखान्यात जखम धुतली, पायाच्या एका बाजूने सळई लावून हाड तात्पुरतं धरून ठेवलं. काही दिवसांनी तिथल्या डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला दाराबाहेर नेलं आणि जखम चिघळली आहे, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, असं सांगितलं. दार उघडंच होतं. नवरा आत येऊन पलंगाच्या कडेला बसला. तो रेल्वेच्या कार्यालयात आहे, तसा शांत माणूस. मी म्हटलं, पाय माझा आहे, तर मला विचारायला हवं होतं, आणि मी नाही म्हणते. दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. त्यानेही काढायलाच सांगितलं तर मग बघू.

दुसऱ्या डॉक्टरांनी तसं सांगितलं नाही. त्यांनी सळई काढून रिंगांची फ्रेम बसवली. पायाभोवती, कातडीला न टेकता, एकाखाली एक अशा स्टीलच्या रिंगा, त्यांना जोडणारे उभे दांडे, आणि रिंगेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत माझ्या हाडातून आरपार गेलेल्या बारीक, ताणलेल्या तारा. पाहायला भयंकर होतं, यात वाद नाही. पण डॉक्टरांचं बोलणं मला पटलं. ते म्हणाले, "दीदी, हड्डी मैं नहीं जोड़ूँगा. मैं तो बस पकड़कर रखूँगा. जोड़ेंगी आप, चल-चलकर. और इसको रोज़ देखना है. जो दिखेगा नहीं, वही बिगड़ेगा."

म्हणजे कामं दोन. पायावर भार देऊन चालायचं, कारण भार पडल्याशिवाय नवं हाड भरत नाही. आणि तार जिथून कातडीत शिरते ती प्रत्येक जागा रोज साफ करून नीट बघायची, लाल झाली का, पाणी येतं का. अशा जागेतून पू आत गेला की थेट हाडापर्यंत पोचतो. बाहेर धूळ फार असेल तर वरून धुतलेलं सुती फडकं टाकलं तरी चालेल, एवढी सवलत त्यांनी दिली. या सवलतीचं पुढे काय झालं ते सांगतेच.

घरी आल्यावर पहिला खटका चालण्यावरून उडाला. सासूबाई वर्धेकडच्या, लग्न होऊन सासऱ्यांच्या रेल्वेच्या नोकरीमागे रायपूरला आल्या आणि सासरे गेल्यावर आमच्याकडेच राहायला लागल्या. मोडलेलं हाड म्हणजे पलंग, हळदीचं दूध आणि हलायचं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

"इतकं लोखंड पायात घालून कोणी चालते का वं? हाडाले आराम पायजे."

मी म्हटलं, या हाडाला काम पाहिजे. आणि वॉकर घेऊन फाटकाबाहेर पडले.

आमच्या गल्लीत त्या वेळी फारशी करमणूक नव्हती. मी ती पुरवली. परकर एका बाजूने उसवून घेतला होता, साडी पोटरीच्या वर खोचलेली, आणि खाली सगळ्या रिंगा उघड्या. पहिल्या दिवशी शेजारच्या शुक्लाइनी, मिश्राइनी सगळ्या फाटकात आल्या. एकीने विचारलं की रात्री झोपताना काढून ठेवता का. एकीला वाटलं यात करंट सोडतात. समोरचे निवृत्त तहसीलदार म्हणाले, "बहनजी, इसमें तो दूरदर्शन भी आ जाएगा." मी म्हटलं, आता है, मगर साफ नहीं आता. आणि पुढे चालू लागले. दुखायचं, भरपूर दुखायचं. पण दुखणं पलंगावरही होतंच, आणि तिथे त्याचा उपयोग नव्हता.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी कामावर हजर झाले. जुन्या दवाखान्यात कार्यालय असण्याचा फायदा तेव्हा कळला: स्ट्रेचर ढकलायला बांधलेला उतार अजून होता. सगळे जिन्याने जात, उतारावरून फक्त फायलींचे गठ्ठे आणि मी. साहेबांनी सुचवलं की मी मागच्या खोलीत बसावं, येणाऱ्या-जाणाऱ्यांना बरं वाटत नाही. मी विचारलं, काम मागच्या खोलीत येणार आहे का? काम तर खिडकीपाशीच यायचं. मी खिडकीपाशीच बसले. आठवडाभर लोक बघत होते. मग त्यांना सवय झाली आणि ते पुन्हा आपापल्या बदल्यांबद्दल बोलू लागले.

असं सगळं चाललं असताना माझ्या नणंदेला स्थळ आलं.

नणंद नवऱ्यापेक्षा बरीच लहान, रायपुरातच जन्मलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र हिंदीत. मुलाकडचे नागपूरचे, त्याचे एक मामा भिलाईच्या पोलाद कारखान्यात, त्यांनीच स्थळ सुचवलं होतं. मुलगी बघायला यायचा दिवस ठरला आणि सासूबाईंचं जेवणातलं लक्ष उडालं. फोनवर त्यांनी मुलाच्या आईला सांगून टाकलं होतं की सुनेचा पाय जरा मुरगळला आहे. आता मुरगळलेल्या पायाभोवती एवढं पोलाद कशाला, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी मी पलंगावर पडले होते. डोळा लागत होता तर पायाशी काही हललं. पाहते तर सासूबाई टेप घेऊन रिंगांचं माप घेत होत्या, ब्लाऊजचं घेतात तसं, टेपचं एक टोक दातात धरून.

"झोप तू," त्या म्हणाल्या. "घेर लागते मले फक्त."

त्या संध्याकाळी त्या रिक्षाने पंडरीच्या कापडबाजारात गेल्या आणि मरून रंगाचं मखमली शनील घेऊन आल्या. डॉक्टरांनी कापड टाकायला परवानगी दिली आहे ना, असं त्यांचं म्हणणं. सुती, मी म्हटलं. सुती तर सगळेच टाकतात, त्या म्हणाल्या. कव्हर मात्र त्यांनी असं शिवलं की बाजारात मिळायचं नाही: कडेने सोनेरी पायपिंग, आतून पातळ फोम, खाली झालर, आणि मागच्या बाजूने गुडघ्याच्या लवणीपासून टाचेपर्यंत नाड्या. पायाला घातलं की वाटे, तबल्याच्या जोडीतला एकच घेऊन मी हिंडते आहे.

मी म्हटलं, "एका दिवसापुरतं."

"हाव, एकाच दिवसाचं तर आहे."

पाहुणे आले. मी पाय स्टुलावर ठेवून बसले. मुलाच्या आईने कव्हरकडे पाहिलं, आत प्लॅस्टर असणार असं तिने धरलं, आणि मुरगळलेल्या पायाला ओवा शेकून बांधावा असं सांगितलं. स्थळ जमलं.

पण दुसऱ्या दिवशी अभनपूरहून सासूबाईंची मावसबहीण आली, त्यानंतर कॉलनीतल्या बायका पेढे घ्यायला आल्या, आणि दर वेळी कव्हर चढत गेलं. सासूबाई ते धुऊन, वाळवून, चपला ठेवतात तसं दाराशी तयार ठेवायच्या. घरच्यांना ते बरं वाटू लागलं, एवढं खरं. नवरा जेवताना पुन्हा माझ्याकडे पाहून बोलू लागला. रस्त्यातही कोणी काही विचारत नसे. नाड्या मागून होत्या, माझा हात तिथवर पोचत नसे, त्यामुळे कव्हर काढायला कोणीतरी लागायचं. रोजची सफाई एक दिवसाआड झाली. मे महिना होता. रायपूरच्या मे महिन्यात शनील आणि फोमच्या आत काय होतं ते मी सांगायला नको.

गुडघ्याखालच्या वरच्या तारेपाशी ठसठस सुरू झाली. कव्हर काढून बघितलं तर कातडी लाल, फुगलेली, आणि दाबलं की पू. संध्याकाळपर्यंत ताप.

डॉक्टरांनी दिवा जवळ ओढला, चिमट्याने तारेच्या मुळाशी काहीतरी पकडलं आणि हळूहळू बाहेर ओढलं. तारेला गुंडाळून आत गेलेला मरून रंगाचा तंतू होता.

"ये क्या है?"

"शनील," मी म्हटलं.

त्यांनी तो तंतू गॉझवर ठेवला. मग ती तार काढली, जरा बाजूला नवी घातली, औषधं लिहून दिली. निघताना म्हणाले, "इस बार बच गया. हड्डी तक गया तो पूरा फ्रेम खोलना पड़ेगा. फिर मैं भी वही कहूँगा जो पहले वाले ने कहा था."

घरी येताना रिक्षात मी एकच गोष्ट ठरवली. ती घरात शिरल्याबरोबर सांगितली: आजपासून पाय उघडा. पाहुणे असोत, साहेब असोत, कोणी असो.

सासूबाई गहू निवडत होत्या. त्यांचे हात थांबले. साखरपुडा आठवड्यावर आला होता.

"बरं, नको घालू. पण साखरपुड्याले आतल्या खोलीत बस. एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

"मागच्या वेळीही एकाच दिवसाचा होता."

"मंग काय करू मी? मुरगळला म्हणून सांगितलं मी त्यायले. आता काय सांगू? पोरीचं जुळलेलं मोडलं तर?"

"आणि माझं जुळत आलेलं मोडलं तर?"

त्या एकदम माझ्याकडे वळल्या. "मी तुझा पाय तोडाले शिवलं का वं ते?"

"नाही आई. पण तारेला काय माहीत तुम्ही कशाला शिवलं ते."

त्या उठून आत गेल्या. रागावल्या की रडायला गेल्या हे मी बघायला गेले नाही. त्या दिवशी माझ्यात तेवढा जोर नव्हता. नणंद कोपऱ्यात सगळं ऐकत होती. ती आत जाऊन आईला म्हणाली ते मात्र मला स्पष्ट ऐकू आलं.

"माँ, शादी मेरी है और टाँग वहिनी की है. दोनों पे कवर मत चढ़ाओ."

साखरपुडा कॉलनीतल्याच एका हॉलमध्ये होता. सकाळी मी रिंगा ओल्या फडक्याने पुसल्या, प्रत्येक तारेपाशी नवी पांढरी गॉझ गुंडाळली आणि हिरवी साडी नेहमीएवढीच वर नेसले. नवऱ्याने हळूच विचारलं की मागच्या दाराने जायचं का. मी त्याला म्हटलं, मागच्या दाराला पायऱ्या आहेत, पुढच्याला नाहीत. हे खरंच होतं, पण कारण ते नव्हतं, आणि त्यालाही ते कळलं.

मी वॉकर घेऊन मधल्या वाटेने चालत गेले. टक टक असा आवाज येत होता तो फरशीवर जास्तच ऐकू यायला लागला, कारण बोलणं थांबलं होतं. मुलाच्या आईने आधी माझ्या तोंडाकडे, मग खाली, मग सासूबाईंकडे पाहिलं.

"हे मुरगळणं व्हय?"

सासूबाईंच्या हातात कुंकवाची कोयरी होती. ती त्यांनी घट्ट धरली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आधी मुरगळलाच होता. मंग तुटला."

मागे कोणीतरी हसलं. मुलाची आई हसली नाही. तिने शांतपणे विचारलं, "असं आणखी काय काय सांगितलं आहे आमाले?"

सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि मला कळलं की यापुढे त्यांना काही सुचणार नाही. मी दोन पावलं पुढे झाले.

मी सांगितलं की बाकी सगळं खरं आहे, मुलीचं शिक्षण, वय, स्वभाव, सगळं. एवढंच खोटं होतं, आणि ते माझ्या पायाचं होतं, मुलीचं नाही. हाड बाहेर आलं होतं. एका डॉक्टरने पाय कापायला सांगितला होता, मी कापू दिला नाही. हे लावून मी रोज नोकरीला जाते. हे झाकून ठेवलं तर सडतं, म्हणून आज उघडं आणलं आहे. पाहायचं असेल तर जवळून पाहून घ्या, मला काही वाटत नाही.

पहिले पाहायला आले ते भिलाईचे मामा. त्यांनी चष्मा लावला, गुडघे धरून वाकले आणि विचारलं की स्टेनलेस आहे का. आहे, मी म्हटलं. त्यांच्या शेजारी आणखी दोघं वाकले. एकजण म्हणाला हे आपल्याकडचं पोलाद नाही. मामांना ते लागलं. आपल्याकडे याच्यापेक्षा चांगलं होते, ते म्हणाले, आणि तिथेच वाद सुरू झाला. काही मिनिटं तर माझा पाय कोणाचा आहे हेही ती मंडळी विसरली.

मुलाची आई तशीच उभी होती. मग ती माझ्याजवळ आली.

"दुखते?"

"हो."

"मंग बसा ना वो."

"बसायचं असतं तर आतल्या खोलीत बसले असते. चालायलाच सांगितलं आहे."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. तिला मी आवडले असं नाही, ते तोंडावर दिसत होतं. पण ती सासूबाईंकडे वळून म्हणाली, "चला, मुहूर्त चालला," आणि ताट उचललं. मी पूर्ण कार्यक्रमभर उभी होते. फोटोवाल्याने मला खुर्चीमागे उभं राहायला सांगितलं, म्हणजे पाय दिसणार नाही. मी पुढेच उभी राहिले. त्या अल्बममधल्या प्रत्येक फोटोत वर-वधूंच्या बाजूला रिंगा चमकतात. नणंदेचं लग्न टिकलं आहे, अल्बमही टिकला आहे.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. हाड भरत गेलं, हळूहळू, पण भरलं. फ्रेम काढायच्या दिवशी डॉक्टरांनी तारा कापल्या, एकेक ओढून काढली, आणि पाय टेबलावर एकटाच पडून राहिला, बारीक, पांढरा, सगळीकडे गोल गोल वणांचा. उजव्यापेक्षा थोडा आखूड भरला आहे. चपलेत एक जादा तळ घालते, भागतं.

शनीलचं कव्हर सासूबाईंनी उसवून, खळबळून धुऊन, कापून मिक्सरला शिवलं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

फ्रेम निघाल्यावर पहिल्यांदा मी किराणा दुकानापर्यंत साधी काठी घेऊन निघाले तर सासूबाई म्हणाल्या, थांब, मीही येते. वाटेत शुक्लाइनी भेटल्या आणि विचारलं, "हो गया ठीक? निशान रह गए क्या?" मी काही सांगायच्या आत सासूबाई वाकल्या आणि भर रस्त्यात माझी साडी पोटरीपर्यंत उचलली.

"देखो. ये इधर से तार अंदर गया, और ये, ये उधर से निकला. हड्डी के बीच में से. और ये वाला जो है ना, इसमें बहुत पस हुआ था." आणि प्रत्येक वणावर बोट ठेवून त्या दाखवू लागल्या. शुक्लाइनींनी पलीकडे जाणाऱ्या आणखी एकीला हाक मारली. दुकानदारही मान बाहेर काढून बघू लागला.

मी म्हटलं, "आई, झाका आता."

"काहून?" त्या वर न बघता म्हणाल्या. "पाहू दे ना लोकायले."